चोवीस महिन्यांची आमटी

ता. ६ ऑक्टो., सोम.

वैशाली गेली. सात वाजता गाडी आली. बेळगावहून बंगळूर, तिथून पुढं जपान. सुरेशला रजा मिळाली नाही. पोरगा फोनवर रडतो, सून येऊन राबते. पंधरा दिवसांत तिनं सासूला उचलून न्हाऊ घातलं, आता पुढं मी.

काल दुपारी सौ.नं वाटीभर कढण पिऊन पोटात ठेवलं. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, त्यावरच्या केमोच्या दोन सुया झाल्या, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा काही आत राहिलं. वै.नं जपानहून आणलेल्या डब्यातला लाल लगदा, त्याचं कढण. लाल मिसो म्हणतात. तिकडं घरोघरी पितात, विहारातले भिक्खूसुद्धा, असं वै.नं सांगितल्यावर सौ. म्हणाली, "मग आपल्याला चालतंय की."

पण आता करणार कोण? उभ्या जन्मात चहाशिवाय काही केलं नाही. तंबाखूच्या वखारीत काट्यावर उभा राहिलो. वजनं केली, आमटी नाही केली.

वै.नं कागदावर लिहून दिलंय. जाताना दारात हळूच म्हणाली, "मामा, आत्यांना एवढं सांगू नका. हे ताजं नसतं. दोन वर्षं मुरवलेलं असतं." मी मान हलवली. सौ. शिळ्याला शिवत नाही.

ता. ७, मंगळ.

नास केला. डाळीला रटरटवतात तसं वीस मिनिटं रटरटवलं. बेचव वाटेल म्हणून वरून लसूण-मोहरीची फोडणी. त्या वासानंच तिला कोरडी उलटी. एक घोट घेतला. "पत्रा," म्हणाली आणि वाटी सरकवली. सुई झाल्यापासून सगळंच तिला जिभेवर पत्रा ठेवल्यासारखं लागतं.

वै.ला फोन. नुकतीच पोहोचली होती. "मामा, उकळायचं नाही हो! गॅस बंद करायचा, मग विरघळवायचं. उकळलं की त्यातला जीव जातो." कसला जीव, विचारलं नाही. दोन चमचे वाया गेले. डब्यात आधीच फार नाही. उद्यापासून मोजून.

ता. ८, बुध.

पाणी गरम केलं. मुळ्याच्या चकत्या मऊ होईपर्यंत. गॅस बंद. (दोनदा पाहिला बंद आहे का. मग परत एकदा.) चहाच्या गाळणीत चमचाभर मिसो, दाबत दाबत पाण्यात. तिखट नाही, हळद नाही, तेलाचा थेंब नाही. भांडं विसळलेलं पाणी दिसतं तसं दिसत होतं. हे घेऊन जाताना लाज वाटली.

अर्धी वाटी प्याली. मुळ्याच्या दोन चकत्या खाल्ल्या.

"कशाची म्हणायची ही?"

"सोयाबीनची."

"ताजी हाय न्हवं?"

"आत्ताच उतरवली."

खोटं नाही. खरंही नाही.

डबा बंद करताना वास घेतला. वखारीत पान रचून ठेवलं की मधोमध तापायचं. थप्पी फोडली की असाच वास यायचा, गोडसर, जुना, ओल्या लाकडासारखा. मुकादम नाक लावून सांगायचा, माल तयार. इतक्या वर्षांनी तो वास आमच्या स्वयंपाकघरात.

ता. ११, शनि.

बेळगाव. डॉक्टर कानडी, पण मराठी चांगलं बोलतात. आत येतानाच, "आज्जी, ऊट आयत्ता?" जेवण झालं का, हे सगळ्यांना पहिलं विचारतात. सौ.नं पण "आयतु" म्हणून सांगितलं. काय झालं होतं? वाटीभर पाणी.

वजन ३७.४. पुढची सुई ७ नोव्हेंबरला. ३८ भरलं तर देणार. खाली असेल तर नाही, शरीर सोसणार नाही म्हणे. आणि सुई चुकली की गाठ पुन्हा... पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मिठाचं विचारलं. मिसो लई खारट, हिला बी.पी. डॉक्टर म्हणाले, "काका, जे जातंय ते जाऊ दे. आज मीठ मोजायची वेळ नाही." येताना घरात ठेवायला वजनकाटा घेतला. सौ. म्हणाली, "आता मला रोज तोलणार व्हय? मी काय तंबाखूचं पोतं हाय?"

संकेश्वरला गाडी थांबवून तोंड धुतलं तिचं. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. रसाच्या गाड्याकडं बघत होती. मागितला नाही.

ता. १४, मंगळ.

विहारात वंदनेला गेलो. धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, गेलंच पाहिजे. जाताना एक शहाणपणा केला. डब्याच्या झाकणाला मुंग्या दिसल्या, वरचा थर ओलसर वाटला. घाबरलो, खराब झालं की काय. लोणच्याच्या बरणीला सौ. करते तसं केलं. तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि गच्चीत उन्हात ठेवला. वाटलं, खारातलं आहे, ऊन दाखवलं की टिकेल.

तीन तास.

परत येऊन बघतो तर वर काळी साय, तडे गेलेली. वै.ला फोन करताना तिसऱ्यांदा नंबर बरोबर लागला. ती आधी हसली. मग हसता हसता रडली. "मामा, वरचा थर काढा, बाकी फ्रिजमध्ये ठेवा. काही होत नाही त्याला. दोन वर्षं राहिलंय ते."

काढलेला थर टाकवेना. भाकरीला लावून मीच खाल्ला. चांगला लागला. तिचा घास मी खाल्ला म्हणून रात्री जेवलो नाही.

आता वीज गेली की फ्रिजपाशी जाऊन उभा राहतो. उभा राहून काय होणार.

ता. १७, शुक्र.

३७.९!

तीनदा काट्यावर उभं केलं. तीनदा तेच.

वांगं भाजून, चिरून, वर मिसो आणि थोडा गूळ कालवून लावला, तव्यावर परत शेकलं. वै.नं सांगितलेलं. अर्धं वांगं खाल्लं तिनं! वर तांदळाची पेज, त्यात परत चमचाभर. म्हणाली, "ह्येला चव हाय बघा. पत्र्याच्या पलीकडनं येती."

शेजारच्या पार्वती आक्का दारातून बघून गेल्या. "मामा, तुमी तर हाटेल काढा." सौ. म्हणाली, "काढतील. आक्का, तुमचा उपास सोडवायला."

बरं वाटलं की भीती वाटते. बरं वाटलं असं लिहिलं, आता भीती वाटते.

ता. १९, रवि.

सकाळचा भात वाटीभर उरलेला. दुपारी फोडणी देऊन मी खाणार होतो. तिला वास लागला. "सकाळचाच न्हवं त्यो? गायीला घाला."

चव्वेचाळीस वर्षं हेच. विड्या वळून बोटं भरून यायची तिची, तरी तिन्ही वेळा नवं शिजवायची. कणीक मळून ठेवायची नाही. इडली करत नाही, कारण पीठ रात्रभर फुगवावं लागतं. पोरं लहान असताना रडायची, अख्खी निपाणी इडली खाते, आपल्याच घरी का नाही.

कारण मला एकदाच सांगितलंय. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. आठ वर्षांची असताना आईबरोबर गावातल्या घरांच्या मागच्या दारी उभी राहायची. दिवसभर आईनं राबायचं आणि संध्याकाळी वरून ओतायचे. लांबून, भांड्याला भांडं न लागता. आंबलेली आमटी, बुरा आलेली भाकरी. बुरा हातानं झाडून आई पोरींना द्यायची. हिनं एकदा ओकलं, त्यावरून मार खाल्ला. त्या दिवशी ठरवलं, माझी चूल झाली की तिच्यावर शिळं चढणार नाही.

आणि मी तिला काय घालतोय?

सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. ३८ होऊ दे, मग सांगतो. सात तारखेला सुई झाली की सांगतो.

ता. २२, बुध.

सांगायला नाही लागलं.

मालन आली संकेश्वरहून, फराळ घेऊन. सौ.ची धाकटी बहीण, अंगणवाडीतून निवृत्त, तोंडानं फटाकडी. आल्या आल्या, "आक्का, तोंडावर तेज आलंय की गं! दाजींनी काय चारलं?" सौ. पण खुशीत. "जपानची आमटी. ह्येंच्या हातची."

मालननं लाडू ठेवायला फ्रिज उघडला. "दाजी, ह्योच का डबा? काय लिवलंय बघू." तिच्या मोबाईलमध्ये काहीतरी आहे, अक्षरांवर धरला की मराठीत होतात. मी म्हटलं, राहू दे, चहा घे आधी. तोवर तिनं मोठ्यानं वाचलं पण.

"सोयाबीन, तांदूळ, मीठ... बुरशी... चोवीस महिने आंबवलेले. अगं बाई! चोवीस महिने! दोन वर्सं कुजवलंय की गं ह्ये!"

सौ.नं हातातली करंजी ताटात ठेवली. माझ्याकडं बघितलं.

"तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"पैल्या दिसापासनं?"

"व्हय."

भिंतीकडं तोंड करून निजली. मालन रडायला लागली, मी काय केलं, मी काय केलं. तिचं काय चुकलं? वाचता येतं एवढंच.

ता. २३, गुरु.

फक्त पाणी.

साधी पेज केली, आजचे तांदूळ, तिच्यासमोर निवडले. नाही. वरणाचं पाणी. नाही. पत्रा.

मला पण राग आला. राग येऊ नये, पण आला. म्हटलं, "लोणचं खातीस की तू. वर्षावर्षाचं लोणचं. ते काय ताजं असतंय?"

"लोणचं माझ्या हातचं हाय." भिंतीकडंच तोंड. "कैरी मी निवडली, मीठ मी घातलं. त्यात काय पडलंय मला ठावं हाय. ह्ये कुणी कुजवलं, कुठल्या भांड्यात, कुणी हात घातला, मला काय ठावं? वरनं ओतलं आन् मी प्याले. परत."

परत म्हणाली. मी बाहेर येऊन बसलो.

ता. २५, शनि.

३७.३.

जे लिहू नये ते लिहितो. आज परत लबाडी केली. पेजेत अर्धा चमचा मिसो कालवला. एवढासाच. वर तूप, वर जिरं, वास झाकावा म्हणून. दोन दिवस पोटात काही नाही, माझं डोकं चालेना.

एक चमचा तोंडात घेतला. थांबली. गिळला. रागावली नाही. वाटी खाली ठेवून एवढंच म्हणाली, "घातलासा न्हवं?"

मी वाटी उचलली.

त्यानंतर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईना. उठून, भिंतीला धरत, माठापर्यंत जाते, आपला तांब्या आपण भरते. अर्धं सांडतं. मी पुसायला गेलो की तशीच उभी राहते, मी जाईपर्यंत. सात पावलं आहेत खाटेपासून माठापर्यंत. ती सात पावलं जाते आणि मी दाराआड उभा राहून मोजतो.

तिला वाचवायला गेलो आणि तिला वरून ओतणारी माणसं आणि मी एका रांगेत.

ता. २७, सोम.

डॉक्टरांना फोन. म्हणाले, तोंडानं जात नसेल तर नाकातून नळी घालून देता येतं, आणून दाखल करा. सौ.ला सांगितलं. आता काहीच लपवायचं नाही म्हणून सगळं सांगितलं, नळी कुठून जाते ते पण.

"म्हंजी त्ये पण वरनंच ओतणार."

झालं. नळीचं नाव परत काढलं नाही.

सुरेशचा फोन. येतो म्हणाला. पुढच्या महिनाअखेरीला तिकीट बघतोय. महिनाअखेर.

ता. २८, मंगळ.

वै.नं मोबाईलवर तोंड दाखवून फोन केला. "मला आत्यांशी बोलू द्या, मामा." सौ.समोर धरला. वाटलं, बघणार पण नाही. सुनेला नाही म्हणवेना तिला.

"आत्या, माझं चुकलं. मीच मामांना सांगू नका म्हटलं."

"तू लेकरू हायस. ह्ये म्हातारं हायेत."

मग वै.नं तिच्या ओळखीच्या जपानी म्हातारीच्या घरातलं दाखवलं. लाकडी पिंप, वर दगड रचलेले. म्हातारी पंच्याऐंशीची. सुनेच्या लग्नाच्या वर्षी घालते, नातू झाला की घालते. सोयाबीन शिजवायचं, ठेचायचं, तांदळावर मुद्दाम पांढरी बुरशी आणायची, ती आणि मीठ मिसळायचं. सौ. बघत होती. बघत होती म्हणजे डोळे उघडे होते.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, वखारीत नाही का, कोवळं पान तसंच विकलं तर कुणी हुंगतसुद्धा नाही. तापायला लागतं, उलटायला लागतं, वर्ष काढायला लागतं. ते कुजणं नव्हे, मुरणं.

"तंबाखू माणूस थुकतंय. गिळत न्हाय."

बरोबर आहे. मग तीच म्हणाली, "ती म्हातारी आपल्या हातानं घालती व्हय?"

"व्हय."

"सोयाबीन आपल्याकडं काय थोडं हाय? आत्ता सुगीच चाललीया." मग, "मी घातलं तर मी खाईन. दुसऱ्यानं घातलेलं न्हाय."

मनात हिशेब झालाच, सुई दहा दिवसांवर. पण आता खोटं नाही. म्हटलं, "वर्ष लागतंय, अगं."

"लागू दे."

संडासात जाऊन रडलो.

ता. ३०, गुरु.

बाजार. चार ठिकाणी सोयाबीन दाताखाली फोडून बघितलं. नवं, यंदाचं, किलोभर. विकणाऱ्या बाईनं विचारलं, "तेल काढता काय, मामा?" नाही, आमटी करतोय. कधी? पुढच्या दिवाळीला. ती माझ्याकडं बघतच राहिली.

वै.नं बंगळूरमधल्या एकाकडून बुरशीचा तांदूळ मागवलाय, कुरिअरनं येईल. उद्या नाही तर परवा.

सौ.नं आज ताक घेतलं. पाऊण वाटी. आपल्या हातानं घुसळलं. रवी धरून दम लागला, थांबली, परत घुसळलं.

ता. १ नोव्हें., शनि.

सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. बंद. कुरिअरचं दुकान पण बंद. माहीत होतं, तरी दोनदा जाऊन कुलूप बघून आलो. मोर्चातल्या एका ओळखीच्यानं हाक मारली, "या की आण्णा!" त्याला काय सांगणार, मी बुरशीची वाट बघतोय.

३६.८. काटा बिघडला असेल म्हणून मीठपुडा ठेवून बघितला. बिघडलेला नाही.

ता. ३, सोम.

आलं. पत्ता कानडीत, कुरिअरवाल्या पोराला वाचता आला नाही, म्हणून पार्वती आक्कांकडं गेलेलं, त्यांनी आणून दिलं. पिशवीत तांदूळ. एकेका शितावर पांढरी लव, गोधडीतल्या कापसासारखी. ही बुरशी बघून ती पिशवी फेकणार आणि झालं सगळं.

लपवून ठेवावी असं क्षणभर मनात आलं. लिहून ठेवतो, आलं. मग नेऊन तिच्या मांडीवर ठेवली.

"हीच का?"

"हीच."

चिमूट घेतली. उजेडात धरली. "पांढरी हाय. काळी न्हाय, हिरवी न्हाय." नाकाशी नेली. "फणसाच्या आठळ्या उकडल्यावर येतोय बघा वास, तसा."

तिला वास आला! महिन्याभरात कशाचा चांगला वास आला म्हणाली नव्हती.

सोयाबीन भिजत घातलं. चार वेळा धुवून घ्यायला लावलं. पाचव्यांदा तिनं स्वतः धुतलं.

ता. ४, मंगळ.

कुकरला शिट्ट्यांवर शिट्ट्या. बोटात धरून चिरडलं पाहिजे, इतकं मऊ. ऑपरेशननंतर पहिल्यांदा सौ. स्वयंपाकघरात बसली, प्लास्टिकच्या खुर्चीत, पाठीला उशी. मी खलबत्त्यात ठेचतोय, ती बघतेय. "जोर लावा की. वखारीत काय नुसतं उभं ऱ्हायचा?" "नुसतं उभंच राहायचो." हसली. खरंच हसली.

वै.नं माप दिलेलं, मीठ साडेचारशे ग्रॅम. मी छोटा तराजू काढला. सौ. म्हणाली, ठेवा तो. परातीत मीठ ओतून घेतलं आणि मूठ, मूठ, मूठ टाकत गेली. तोंडात दाणा टाकला. आणखी अर्धी मूठ. मला राहवेना. परातीत उरलेलं तोललं. तिनं घातलेलं चारशे साठ. म्हणजे मी जन्मभर काट्यावर काय करत होतो?

मग गोळे. गोळा बरणीत आपटायचा, आत हवा राहता कामा नये. पहिला तिनं टाकला, बरणीच्या काठावर बसला. दुसरा भिंतीला. "तुमी टाका आता." मी आपटले. तिनं मुठीनं दाबलं, मनगटापर्यंत हात आत. लोणच्याची मोठी बरणी. वर मीठ, वर फडकं, वर वरवंटा. चिठ्ठीवर मी आजची तारीख घातली. "उघडायची पण घाला," म्हणाली. घातली.

हात धुवायच्या आधी बोट चाटलं तिनं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी ताप ९९.६. श्रम झाले. मीच करू द्यायला नको होतं.

ता. ६, गुरु.

ताक, भाताची पेज, तिनंच ढवळलेली. पत्रा आहे, पण ढकलते. माझ्या हातचा तांब्या आज घेतला.

बरणी कोपऱ्यात. दिवसातून चारदा फडक्यावरून हात फिरवते. "वर्सानं," म्हणते. फ्रिजमध्ये जपानचा डबा तसाच आहे. तिकडं बघत नाही.

उद्या बेळगाव.

ता. ७, शुक्र., सकाळ

गाडी नऊला. साडेसातला वजन केलं. सदतीस. वर एक काडी नाही.

एक किलो कमी.

वखार बंद झाली त्या दिवशी मालकानं मला एक किलोचं लोखंडी वजन आठवण म्हणून दिलेलं. खिडकीत असतं. ते घेतलं. फडक्यात गुंडाळून तिच्या शालीच्या घडीत ठेवलं, दोन टाके घालून. उभ्या नोकरीत काट्याला बोट लावलं नाही मी. ओला माल घेऊन येणारे पाया पडायचे, तरी लावलं नाही. सुईचं औषध वजनावर मोजून देतात हे पण मला ठाऊक आहे. तरी घातले टाके.

तिनं शाल उचलली आणि थांबली. टाके तोडले. वजन मांडीवर घेऊन बसली.

"किती किलोचं?"

"एक."

"आन् मी?"

"सदतीस."

वजन माझ्या हातात देऊन म्हणाली, "काटा जे सांगंल ते सांगायचं. न्हाय दिली सुई तर न्हाय दिली. वजन भरल्यावर परत जाऊ." मग कोपऱ्यातल्या बरणीकडं बघत राहिली. "त्या डब्यातलं वाईच करा."

मला नीट ऐकू आलं की नाही कळेना.

"माझं वर्सानं कसं लागणार, त्ये कळू दे तरी. वरनं ओतू नका. भांडं हितं ठेवा, माझं मी घेती."

केलं. मुळा नव्हता, कोबीची दोन पानं. गॅस बंद केला, मग विरघळवलं. पातेलं, पळी, वाटी तिच्यासमोर ठेवली. तिनं पळी उचलली, आपली वाटी आपण भरली. एक थेंब सांडला नाही.

"निवू दे. तुमी बाहेर बसा. माझ्या तोंडाकडं बघत बसू नका."

बाहेर पायरीवर बसून हे लिहितोय. वजन खिशात आहे, अंगरखा एका बाजूला ओढतोय. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली, हॉर्न दिला. हात करून थांब म्हटलं. दोनदा दिला. परत थांब म्हटलं.

आतून वाटीचा आवाज नाही अजून. गरम असेल. लई गरम केलं का मी?